ठकूबाईचं दक्षिणेचं दार

जनावरांना माणसांची खुळं नुकतीच लागली होती, तेव्हाची गोष्ट. ठकूबाई साळिंदरिणीच्या बिळाचं दार दक्षिणेला होतं. समोर उघडा माळ, आत दोन तान्ही पिल्लं. एके सकाळी उत्तरेच्या झाडीतला कोल्हा कपाळाला गंध फासून आला.

"अगं बाई, दक्षिण म्हणजे यमाची दिशा! पिल्लं दगावतील. हे दार बुजव, उत्तरेला नवं काढ."

ठकूबाईने आधी पिल्लांकडे पाहिलं. मग तिने उत्तरेला पाहिलं. तिकडे दार काढलं, तर ते थेट कोल्ह्याच्या झाडीत उघडणार होतं.

"शास्त्रीबुवा, घरून इकडे यायला कोणत्या दिशेने निघालात?"

"दक्षिणेला," कोल्हा ऐटीत बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"अरे देवा! यमाच्या दिशेने, तेही आपल्या पायांनी?" ठकूबाईने पाठ फिरवली, काटे फुलवले आणि धाडकन मागे सरकली.

नाकात चार काटे घेऊन कोल्हा केकाटत घराकडे पळाला.

"जपून हो!" ठकूबाई मागून ओरडली. "तुमच्या झाडीच्याही उत्तरेला वाघ राहतो. त्याला तुमचं घर दक्षिणेलाच पडतं, तेवढं आधी बुजवा!"