तोंड फिरवणारी पवनचक्की

एकदा एका उघड्या पठारावर दाजीबा नावाचे एक वृद्ध कारागीर आपली शिष्या हेमांगी हिच्यासह छोटी पवनचक्की उभारत होते. तिच्या विजेवर तिथल्या दवाखान्यातला लशींचा फ्रिज चालणार होता. पाती हेमांगीने स्वतःच्या हातांनी तासली होती. ती फिरताना पाहायला हेमांगी अधीर झाली होती.

एकच गोष्ट तिला खुपत होती. चक्कीला वाऱ्याकडे वळवून धरणारे शेपूट दाजीबांनी बिजागरीवर बसवले होते. वारा फार वाढला की ते दुमडायचे आणि पाती वाऱ्यापासून तोंड फिरवायची.

"दाजीबा, वारा ऐन भरात आला की आपण पाठ फिरवायची? शेपूट घट्ट करू या. मग बघा किती वीज मिळते!"

"कर," दाजीबा म्हणाले.

खांब अजून आडवाच होता. तिने बिजागरीत लोखंडी खीळ ठोकली. दाजीबांनी मात्र त्या खिळीला एक लांब दोर बांधला आणि त्याचे टोक खांबाच्या पायथ्याशी सोडून दिले. हेमांगीला नवल वाटले, पण विचारायला तिला सवड कुठे होती!

खांब उभा राहिला. तिसऱ्या दिवशी लशी आल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या गेल्या आणि दुपारी वारा उठला.

"तीनशे वॅट! सहाशे! दाजीबा, नऊशे!" वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा चढत होता आणि हेमांगी टाळ्या पिटत होती.

मग चक्कीचा आवाज बदलला. घूंघूं होती तिची किंचाळी झाली. खांबाला ताणून धरणाऱ्या तारा थरथरू लागल्या. परिचारिका सुगंधाताई धावत बाहेर आल्या. "अगं, ही कोसळली तर लशी वाया जातील! उद्या पन्नास लेकरं येणार आहेत!"

दाजीबांनी दोर हेमांगीच्या हातात दिला. "झोत जरा ओसरला की ओढ."

काटा हजारापाशी होता. तिचा हात उठेना. तेवढ्यात वरून कर्रकन आवाज आला. पुढचा झोत ओसरताच तिने अंगातले सारे बळ लावून दोर ओढला. खीळ निसटून गवतात पडली. शेपूट दुमडले, पाती तिरकी झाली, किंचाळी थांबली. काटा घसरत घसरत तीनशेवर आला आणि तिथेच स्थिरावला. फ्रिज चालूच होता!

"पोरी," दाजीबा म्हणाले, "वारा दुप्पट झाला की त्याचं बळ आठपट होतं. चक्की मात्र तेवढीच राहते. फ्रिजला दोनशे पुरतात. वरचं सगळं पात्यांनी आणि खांबाने सोसायचं. वेळेवर बाजूला होणारी चक्की वादळातही राबते. ताठ राहणारी एकाच वादळापुरती."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर माझं ऐकलं असतंस. आज वाऱ्याचं ऐकलंस."

सायंकाळी वारा निवला. शेपूट आपल्याच भाराने जागेवर आले आणि पाती पुन्हा वाऱ्याला सामोरी गेली. "आली! आली!" हेमांगी ओरडली.

भरात आलेल्या माणसाला कुठे थांबायचे ते त्या वेळी सुचत नाही. ते त्याने आधीच ठरवून ठेवावे लागते.