मोसंबीच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा

फार पूर्वी, राजाचा मोजणीदार पायी गावोगाव हिंडायचा, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात रखमाजी नावाचा शेतकरी आणि त्याची बायको ठकू राहायचे. दोघांनी मिळून मोसंबीची चाळीस झाडं लावली होती. गावातल्या बाकी बागा आजोबा-पणजोबांच्या वेळच्या, नवी बाग कित्येक वर्षांत कुणी लावलीच नव्हती. त्यामुळे रखमाजीला आपल्या झाडांचं भारी कौतुक. जेवता जेवता उठून तो एखादं झाड बघून यायचा आणि ठकूची बोलणी खायचा.

त्या राज्याची रीत अशी, की दर भादव्यात मोजणीदार येई आणि फळ धरलेल्या झाडाच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढी. काढणी झाली की गावकरी पट्ट्याच्या झाडामागे एक टोपली फळं कर म्हणून सरकारात जमा करत.

पाचव्या वर्षी रखमाजीची बाग फळली. आनंद झाला आणि पाठोपाठ कराची आठवणही झाली. "ठके, पट्टा ओढला की चाळीस टोपल्या गेल्या बघ," तो म्हणाला. मग काय, मोजणीदार यायच्या आधीच दोघांनी हिरवीगार, आंबट फळं तोडली, गोठ्यात कडब्याखाली दडवली आणि नंतर मिळेल त्या भावाला विकून टाकली.

मोजणीदार नरहरपंत म्हातारे होते, चालून दमलेले असायचे. ओसरीवर टेकत ते विचारायचे, "काय रखमाजी, बाग फळली का?"

"कुठली हो पंत, अजून लहान आहेत झाडं."

पंत मान डोलवायचे, ठकूच्या हातची भाकरी खायचे, तिला तोंडभर आशीर्वाद द्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. त्या आशीर्वादाने ठकू अगदी ओशाळून जायची. असं तीन वर्षं चाललं.

मग एका उन्हाळ्यात ओढा आटला. विहिरीत पिण्यापुरतं पाणी उरलं. राजाने तलावाचं पाणी सोडायचं ठरवलं, पण तेही थोडकंच होतं. दवंडी पिटली गेली, की पाटाचं पाणी फक्त पट्ट्याच्या झाडांना मिळेल, लहान रोपांना ज्याने त्याने घागरीने घालावं. पाण्याच्या वाटपावर देखरेख करायला नरहरपंत गावच्या चावडीवर येऊन बसले. रखमाजीच्या बागेत पानं वळायला लागली होती. चाळीस मोठ्या झाडांना घागरी कुठवर पुरणार?

"आपणच पट्टे ओढू," रखमाजी म्हणाला. त्याने घमेल्यात चुना कालवलासुद्धा.

ठकूने घमेलं बाजूला सरकवलं. "तीन वर्षं लहान म्हणून सांगितलीत. आता त्या भल्या माणसाच्या तोंडावर आणखी एक खोटं बोलायचं? मला नाही जमायचं. जा आणि काय ते खरं सांगून टाका."

"आणि दंडापायी बाग विकावी लागली तर?"

"तर दुसऱ्याची म्हणून का होईना, जगेल तरी."

तरी दोन दिवस रखमाजीचा पाय उचलेना. तिसऱ्या दिवशी तो चावडीवर गेला आणि पंतांपुढे खाली मान घालून सगळं सांगून मोकळा झाला.

 पंतांनी विचारलं, "झाडं लावून किती वर्षं झाली?"

"सात होतील या पावसाळ्यात."

"अरे वेड्या, नवी बाग लावणाऱ्याला सात वर्षं कर माफ असतो. पट्टा म्हणजे फळाचं झाड, एवढीच खूण. तुझ्याकडून सरकारचं एक मोसंबंही येणं नव्हतं."

 तीन वर्षं सोन्यासारखं पीक रखमाजीने कच्चं तोडलं होतं, ते नसलेल्या करापायी. "मग पंत, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू मला बागेत कधी नेलंस? मी आणखी काही विचारायला तोंड उघडलं, की तू भाकरीचं ताट पुढे करायचास."

खोटं बोलल्याबद्दल रखमाजीला दहा दिवस पाटातला गाळ काढावा लागला. पण पट्टे त्याच दिवशी ओढले गेले आणि बागेत पाणी आलं. चौतीस झाडं तरारली. टोकाची सहा मात्र तोवर वाळून गेली होती. पाणी दोन दिवस आधी आलं असतं, तर तीही वाचली असती. त्यांच्यापाशी उभा राहून रखमाजी रडला, ठकूही रडली.

पंतांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पाऊस पडला की इथं नवी लाव. त्यांनाही सात वर्षं माफीच आहे."

"आणि आठव्या वर्षी?"

"आठव्या वर्षी टोपली द्यायची, दुसरं काय," पंत हसून म्हणाले. "आणि मध्ये काही अडलं, तर विचारायचं."

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: कर चुकवायच्या नादात आपल्या हक्काची सवलतही चुकते. म्हणून लपवण्याआधी एकदा विचारावं, आणि जे देणं निघेल ते राजीखुशीने द्यावं.