तांबटाचं घंगाळ आणि शेंदऱ्या मासा

एका गावात एक तांबट राहत होता. नारोबा त्याचं नाव. तांब्याचा साधा पत्रा त्याच्या हाताखाली गेला की त्याचा हंडा व्हायचा, कळशी व्हायची, आणि अंगावर ठोक्यांची अशी नक्षी उमटायची की बायका भाव विचारायच्या आधी भांड्यावरून नुसता हात फिरवत उभ्या राहायच्या. नारोबाला आपल्या कामाचा अभिमान होता. थोडा जास्तच होता म्हणा. ‘तांब्यातलं पाणी म्हणजे अमृत,’ हे तो दिवसातून दहा वेळा तरी म्हणायचा. ऐकायला कुणी नसलं तर मांजराला ऐकवायचा.

त्याची बायको कधीच देवाघरी गेली होती. घरात तो आणि त्याची मुलगी सुगंधा, एवढीच माणसं. परसात एक जुनी दगडी डोण होती. तिच्यात पाणी भरून सुगंधाने तीन सोनेरी मासे पाळले होते. जत्रेतून आणले तेव्हा ते बोटाएवढे होते, आता चांगले वीतभर झाले होते. सर्वांत मोठ्याचं अंग शेंदरासारखं लाल, म्हणून ती त्याला शेंदऱ्या म्हणायची.

मार्गशीर्षात सुगंधाचं लग्न झालं. सासर घाट उतरून खाली, खाडीकाठच्या गावात. जावयाचं तिथे भांड्यांचं दुकान होतं. गाडीत बसताना सुगंधा डोळे पुसत म्हणाली, “अण्णा, माशांना चिमूटभरच घाला. पाणी सगळं एकदम उपसू नका. आणि डोणीचं शेवाळ खरवडू नका.”

नारोबाने मान हलवली. पण त्या वेळी त्याला ऐकू काय येणार? त्याला फक्त गाडीची चाकं हललेली दिसली.

घर खायला उठलं. दुकानात ठोके घालताना मधेच हात थांबायचा, कारण परसातून कुणी ‘अण्णा, जेवायला चला’ म्हणत नसे. मग तो ताट घेऊन डोणीपाशी बसू लागला. एक घास स्वतः खायचा आणि एक माशांना टाकायचा. मासेही बिचारे वर येऊन तोंडं उघडायचे. त्याला वाटायचं, यांनाही पोरीची आठवण येते. भूक आणि आठवण यांतला फरक माशाच्या तोंडावरून कुणाला कळलाय?

दर आठवड्याला तो मुलीला पत्र टाकायचा. ‘घर सुनं झालं आहे. कधी येतेस?’ सगळ्या पत्रांत थोड्याफार फरकाने एवढंच असे. सुगंधाची उत्तरं यायची. ज्येष्ठात आलेल्या पत्रात होतं, ‘नागपंचमीला आठ दिवसांसाठी येते. मासे कसे आहेत?’ आणि खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ‘अण्णा, पत्रं जरा उशिराने पाठवलीत तरी चालेल.’

ती ओळ नारोबाला काट्यासारखी रुतली. पोटची पोर, आणि तिला बापाची पत्रं जड झाली! पण आठ दिवसांसाठी येणार हे वाचून तो काटा विसरला. त्याच्या मनात एक बेत शिजू लागला. आली की परत पाठवायचीच नाही. जावयालाही बोलावून घ्यायचं. एवढं मोठं दुकान आहे, दोघं मिळून चालवू. त्याने दुकानात आपल्या शेजारी दुसरी बैठक मांडली, त्यावर नवी गादी घातली आणि एक नवी हातोडी ठेवली. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नाही.

मग त्याची नजर डोणीवर गेली. काळी, शेवाळलेली, एका कोपऱ्यात टवका उडालेली. माझ्या सुगंधाचे मासे आणि असल्या डोणीत? तांबटाच्या घरात? आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, म्हणून त्याने कपाळावर हात मारून घेतला.

वीस दिवस खपून त्याने एक घंगाळ घडवलं. एवढं मोठं घंगाळ त्या आळीत कुणी पाहिलं नव्हतं. कडेला कड्या, पोटावर ठोक्यांची दाट नक्षी. ते चिंचेने घासलं तेव्हा परसात दुसरा सूर्य उगवल्यासारखं वाटलं. त्याने त्यात स्वच्छ पाणी भरलं आणि तिन्ही मासे एका दमात उचलून त्यात सोडले. डोण उपसली, खरवडून धुतली आणि पालथी घातली. तिच्या तळाचे गोटे अळूच्या वाफ्यात ओतून दिले.

पहिले दोन दिवस मासे काय सुंदर दिसले! लालभडक तांब्यावर सोनेरी अंग. आळीतली माणसं बघायला आली. तिसऱ्या दिवशी मासे घंगाळाच्या कडेला अंग घासू लागले. चौथ्या दिवशी ते पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले, त्यांचे पंख अंगाला चिकटले आणि अंगावर पांढुरकी बुळबुळ आली. पाचव्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगत होता.

नारोबा घाबरला. घाबरलेला माणूस आपल्याला येतं तेच पुन्हा जोरात करतो. त्याने सगळं पाणी ओतून दिलं, घंगाळ चिंचेने पुन्हा लखलखीत घासलं आणि हंड्यातलं नवं पाणी भरलं. हे त्याने रोज केलं. अशक्त झाले असतील म्हणून भातही जास्त घातला. आठव्या दिवशी दुसरा मासा गेला. राहिला एकटा शेंदऱ्या, तोही कुशीवर कललेला. नागपंचमीला तीन आठवडे उरले होते. पोर विचारेल तेव्हा तिला काय दाखवू, या विचाराने नारोबा घटकेघटकेला घंगाळापाशी जाऊन बघू लागला.

त्या दिवशी दारावरून कोंडाबाई भोईण चालली होती. तळ्यावर जाळी टाकण्यात तिचा जन्म गेलेला. नारोबाने तिला हाक मारून परसात नेलं. तिने वाकून बराच वेळ पाहिलं. माशाला हातही लावला नाही. फक्त पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं.

“दादा, माशाला काय बी झाल्यालं न्हाई,” ती म्हणाली. “पाणी आजारी हाय.”

“पाणी आजारी?” नारोबा उखडला. “अगं, तांब्यातलं पाणी आहे ते! माझ्या बाप-आज्यापासून आळीत कुणी आमच्या तांब्याला नाव ठेवलं नाही.”

“मी कशापायी नाव ठिवू? मला एवढंच सांगा, ह्या घंगाळात तुमी ताक ठिवाल का?”

नारोबाच्या तोंडून सवयीने उत्तर निघून गेलं. “वेडी का काय! कल्हई नसलेल्या भांड्यात ताक? कळकेल ना ते, विष होईल त्याचं! कुणी प्यायलं तर—”

आणि तो मधेच थांबला. हीच गोष्ट त्याने आजवर शेकडो गिऱ्हाइकांना बजावून सांगितली होती.

“तुमाला वाटीभर ताकाची काळजी,” कोंडाबाई हळूच म्हणाली. “आन ज्याला रातंदिस त्यातच श्वास घ्यायचा, त्याची न्हाई व्हय?”

नारोबा खाली बसला. वीस दिवसांची मेहनत त्याच्यासमोर लखलखत होती. “उद्याच कल्हई लावतो,” तो पुटपुटला.

“कल्हई लावा न्हाईतर सोनं लावा. त्याला त्याची डोण द्या.”

माणसाला आपली चूक कळणं एक, आणि ती आपल्या हातांनी उचलून बाजूला ठेवणं दुसरं. नारोबा क्षणभर तसाच बसला. मग उठला आणि त्याने डोण सुलटी केली.

कोंडाबाईने सांगितलं तसं त्याने केलं. विहिरीचं पाणी डोणीत भरून ते दिवसभर निवळू दिलं. अळूच्या वाफ्यात पडलेले गोटे पायधुण्याच्या पाण्याने ओले राहिले होते, त्यांच्यावर शेवाळ अजून जिवंत होतं. ते शोधून शोधून त्याने परत तळाशी मांडले. डोणीत दोन मुठी खडे मीठ विरघळवलं. शेंदऱ्याला मात्र लगेच डोणीत सोडलं नाही. आधी घंगाळातल्या थोड्या पाण्यासकट मातीच्या कुंड्यात घेतलं आणि त्यात डोणीचं पाणी ओंजळ-ओंजळ घातलं, दुसऱ्या दिवशी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत.

“एकदम का टाकू नये?” त्याने कोंडाबाईला विचारलं.

“नवं पाणी कितीबी ग्वाड असू द्या दादा, जिवाला ते हळूहळूच मानवतं. आन आता चार दिस खायला घालू नका. सारखं हात बी घालू नका. निस्तं बसा.”

हे सर्वांत अवघड होतं. हातोडीच्या माणसाला नुसतं बसायला कोण शिकवणार? नारोबा डोणीच्या काठावर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. शेंदऱ्या तळाशी पडून होता. भाताकडे हात जायचा आणि तो मागे घ्यायचा. सुगंधा इथेच बसायची, याच दगडावर, पाय पाण्याच्या बाजूला सोडून. तिची इतकी आठवण आली की त्याने कागद ओढला आणि ‘कधी येतेस’ असं लिहिलं. मग कागदाकडे पाहिलं. मग डोणीकडे पाहिलं. तो कागद त्याने टपालात टाकला नाही.

पाचव्या दिवशी शेंदऱ्याने पंख उघडले. दहाव्या दिवशी तो चिमूटभर दाण्यासाठी वर आला. दर चार दिवसांनी नारोबा चौथा हिस्सा पाणी काढायचा आणि तेवढंच निवळलेलं पाणी घालायचा. डोणीच्या कडेला पुन्हा हिरवट रंग धरला.

पंचमीच्या आदल्या दिवशी सुगंधा आली. पिशवी खाली ठेवली न ठेवली तोच परसात धावली. डोणीत एकच मासा पाहून तिने बापाकडे वळून पाहिलं. नारोबाने तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती रडली. मग बापाच्या हाताला हात लावून बसली.

“अण्णा, माझंही असंच झालं होतं तिकडे,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “रोज भात आणि मासळी. मला घास गिळवेना. सासूबाईंनी ओळखलं. त्या पहिला महिना माझ्यासाठी रोज वेगळी भाकरी थापायच्या. मग अर्धी भाकरी, थोडा भात. आता मीच भात मागते. पण तुमचं पत्र आलं ना, की पुन्हा चार दिवस अन्न गोड लागायचं नाही. म्हणून लिहिलं तसं.”

नारोबाला ती बारीक अक्षरातली ओळ आठवली. रुतलेला काटा निघाला होता, पण जागा दुखत होती.

आठ दिवस भुर्रकन गेले. निघायच्या दिवशी सुगंधा दुकानात डोकावली. “अण्णा, ही दुसरी बैठक कुणासाठी मांडलीय? नवी हातोडीसुद्धा आहे.”

नारोबाच्या ओठावर शब्द आले होते. एक शब्द बोलला असता तर पोरीचा पाय नक्की अडखळला असता. ते त्याला ठाऊक होतं आणि त्याला तेच हवं होतं. त्याने परसाकडे पाहिलं. हिरवट पाण्यात शेंदऱ्या संथ फिरत होता.

“गिऱ्हाइकांसाठी गं,” तो म्हणाला. “उभं राहून पाय दुखतात त्यांचे.”

मग त्याने ते घंगाळ घासूनपुसून गाडीत चढवलं. “सासूबाईंना दे. अंघोळीच्या पाण्याला याच्यासारखं भांडं नाही.” सुगंधा हसली. गाडी वळणाआड गेली तरी नारोबा रस्त्यावर उभाच होता.

संध्याकाळी तो डोणीपाशी बसला. शेंदऱ्या वर आला. नारोबाने मूठभर दाणे घेतले, त्याच्याकडे पाहिलं आणि चिमूटभर ठेवून बाकीचे डब्यात परत टाकले. पुढचं पत्र त्याने महिन्याने लिहिलं. त्यात ‘कधी येतेस’ हे शब्द नव्हते. ‘शेंदऱ्या बरा आहे. तुला तिकडचं पाणी मानवलं, हे ऐकून मलाही बरं वाटलं,’ एवढंच होतं.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला आपल्याला आवडतं ते नव्हे, तर त्याला मानवतं ते द्यावं, आणि त्यासाठी आपला हात आवरावा लागला, तर तोही आवरावा.