कुलगुरूंचे लंगडणे

एकदा एका डोंगरावरच्या विद्यापीठात एक तरुण आचार्य होते. विद्वत्ता अफाट, तळमळही खरी; पण समोरच्याने 'हूं' म्हणायच्या आत त्यांचे निरूपण सुरू व्हायचे. हा रोग आपल्यातल्या पुष्कळांना आहे, तेव्हा हसू नका.

त्यांचा शिष्य श्रीरंग दोन महिने पंगतीत नुसता भात चिवडत बसे. एके सकाळी त्याने आपल्या सगळ्या पोथ्या सोबत्यांना वाटून टाकल्या. आचार्यांनी त्याला समोर बसवले आणि धैर्य या विषयावर त्याला भरपूर ऐकवले. श्रीरंग "समजलं" म्हणाला, नमस्कार करून उठला आणि कड्यावर जाऊन बसला. आचार्यांनी ते पाहिले. एका सोबत्याला तिथे थांबवून ते वृद्ध कुलगुरूंकडे धावले.

त्या विद्यापीठात एक रीत होती. डोंगर उतरताना कुलगुरू काठी घेत नसत, एखाद्या शिष्याचा हात धरत, आणि तो मान मिळावा म्हणून मुले झुरत. मात्र मन खचले म्हणून कोणी पायथ्याच्या वैद्यांकडे गेला, की हीच मुले त्याला 'कच्चा' म्हणून हिणवत.

कुलगुरू कड्यापाशी गेले आणि श्रीरंगाशेजारी मातीत बसले. आचार्य दुरून पाहत होते. म्हाताऱ्याने काहीतरी एकच विचारले. नंतर बराच वेळ श्रीरंगच बोलत होता. मग कुलगुरू उठले, त्याचा हात धरला आणि भर सभेच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, लंगडत डोंगर उतरू लागले. पहाटेच तर ते ताडताड चालून टेकडी फिरून आले होते! आचार्य चक्रावून गेले. वाटेतली मुले बाजूला होऊन श्रीरंगाकडे हेव्याने पाहत होती.

दिवस कलताना दोघे परतले. आचार्यांनी विचारले, "गुरुजी, त्याला काय विचारलंत?"

"त्याने सांगायला हरकत नाही म्हटलंय, म्हणून सांगतो. 'बाळ, जीव नकोसा झालाय का?' एवढंच विचारलं. तो 'हो' म्हणाला."

असे विचारून नको ते मनात भरवले जाईल, ही भीती नाही का वाटली, असे आचार्यांनी चाचरत म्हटले.

"ते आधीच त्याच्या मनात होतं, आणि तो एकटाच ते वागवत होता. त्यावरचा उपाय मला येत नाही, वैद्यांना येतो. नुसतं 'जा' म्हटलं असतं तर तो गेला नसता. म्हणून विचारलं, मी सोबत आलो तर चालेल का?"

"आणि ते लंगडणं?"

"कोणी हटकलं तर त्याला म्हणता यावं, गुरुजींना वैद्यांकडे नेत होतो. खरं कोणाला सांगायचं ते तो ठरवेल. त्याला विचारूनच वडिलांना निरोप धाडलाय, उद्या ते येताहेत. तोवर त्याला एकटं सोडायचं नाही, आणि वैद्य बोलावतील तोवर दर गुरुवारी मला लंगडायचं आहे."

आचार्य पाहतच राहिले. सगळी शास्त्रे मुखोद्गत असलेला हा माणूस एका पोरासाठी साऱ्या विद्यापीठासमोर थकला-भागला ठरायला तयार झाला होता, आणि त्याने उपदेशाचा एक शब्दही उच्चारला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

"सकाळी तो 'समजलं' म्हणाला," ते पुटपुटले, "आणि मी खूश झालो होतो."

कुलगुरूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "पण तुम्ही धावत आलात. म्हणून तो आत्ता जेवतोय."

आचार्य उठले, पाकशाळेत गेले आणि श्रीरंगाच्या शेजारी पान मांडून बसले. त्याने आपणहून तोंड उघडेपर्यंत ते काही बोलले नाहीत.