रेवतीचा होकार

“पण माई, रेवती स्वतःच्या तोंडानं हो म्हणाली. मग आता प्रश्न उरतोच कुठं?”

मृण्मयीनं हे विचारलं तेव्हा माई मुलींच्या निवारागृहामागच्या आपल्या खोलीत कोकमाचं सरबत ढवळत होत्या. निवारागृह त्यांनीच उभं केलेलं.

तेरा वर्षांची रेवती मामाच्या घरातून पळून इथं आली होती. का पळाली, ते कुणालाच सांगत नव्हती. उद्या मामा तिला न्यायला येणार होता. पाठवायचं की नाही, ते मृण्मयीचा अहवाल बघून ठरणार होतं. मृण्मयी म्हणजे माईंची लाडकी विद्यार्थिनी. असुरक्षित मुलांशी संवाद कसा साधावा, यावर तिचं संशोधन. आणि तसा संवाद आपल्याइतका कुणालाच साधत नाही, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“काय विचारलंस तिला?”

“मामाकडे बरं वाटतं का? हो म्हणाली. परत जायचंय का? हो म्हणाली. आणि सुरुवातीलाच सांगितलं होतं, नको वाटलं तर कधीही उठून जा. सगळं नियमाप्रमाणे.”

“वा!” माई म्हणाल्या. “सरबत घे.”

घेतलं. माईंनी पेला पुन्हा भरला. गुरूनं भरलेल्या पेल्याला नाही कसं म्हणायचं? तोही घेतला. असं करत करत तांब्याच संपला.

मग माईंनी पाट ओढला आणि दारातच बैठक मारली. माईंचा देह ऐसपैस, दार बेताचं. पलीकडचं अंगण दिसेनासं झालं.

“आता तुझ्या प्रबंधाबद्दल बोलू. अगदी निवांत.”

निवांत कसलं! थोड्याच वेळात मृण्मयीची चुळबुळ सुरू झाली.

“माई, मी जरा... जाऊन येते.”

“जा की. तुला कुणी अडवलंय?” माई प्रेमानं म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.

आता काय म्हाताऱ्या बाईला ओलांडून जायचं? तीही साक्षात गुरू? मृण्मयी पायावर पाय आवळून पुन्हा बसली.

“प्रबंध कच्चा आहे. पटतंय ना?”

“...पटतंय.”

“पहिल्यापासून लिहावा लागेल.”

“लागेल, माई.”

“आत्ताचा बंबात घालशील?”

“घालते! आजच घालते!”

“इथं माझ्यापाशी बसून बरं वाटतंय ना तुला?”

“फार बरं वाटतंय!” मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं.

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मृण्मयी अशी सुटली की चपला घालायचंही भान राहिलं नाही.

परत आली ती फणफणत. गुरू झाल्या म्हणून काय झालं! माणसाला काही लाज असते की नाही?

“माई, प्रबंध कच्चाबिच्चा काही नाही. एक ओळ बदलणार नाही मी! मघाशी बोलले त्यातलं अक्षरही खरं नव्हतं. कसंही करून बाहेर पडायचं होतं, म्हणून हो हो केलं.”

माई रिकामे पेले गोळा करत होत्या.

“असं होय...” त्या म्हणाल्या. “बरं, तू रेवतीशी बोलत होतीस, तेव्हा तुम्हा दोघींपैकी दाराकडे कोण बसलं होतं गं?”