माळावरचे चार खडे

कॅमेऱ्यांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. भिंगोजी नावाच्या एका लांबलचक भिंगाला बढाया मारायची भारी खोड होती. रणातले रोहित पक्षी, गवताळ दलदलीतला गेंडा, बर्फातला बिबट्या, सगळे त्याने टिपले होते. "मी पाहिलेलं जगाला दाखवल्याशिवाय राहत नाही," असं तो कॅमेऱ्याच्या तिवईला रोज ऐकवायचा.

एकदा मालकीणबाई त्याला माळरानावर घेऊन गेल्या. डोक्यावर टिटवी ओरडत होती. "म्हणजे अंडी इथेच कुठेतरी असणार," असं म्हणत बाईंनी कॅमेरा जमिनीवरून हळूहळू फिरवला. भिंगोजीला ती लगेच दिसली. खड्यांमध्ये अगदी खड्यांसारखीच चार अंडी.

"दादा, दुसरीकडे बघ ना," टिटवी काकुळतीला आली. "तो बाभळीवरचा कावळा कधीचा तुझ्यावरच डोळा ठेवून आहे. तू जिथे थांबशील, तिथे तो उतरेल."

भिंगोजीने पाहिलं. कावळा मान तिरकी करून निवांत बसला होता.

असा फोटो पुन्हा मिळाला नसता. पण भिंगोजीने नजर गवताच्या पात्यावर नेली, तिथून ढेकळावर, परत गवतावर. बाईंनी पुन्हा पुन्हा कळ दाबली, पण सगळं धूसरच. शेवटी वैतागून त्यांनी सामान आवरलं. यांनाच काही सापडलं नाही, तर इथे काय असणार, असं म्हणत कावळाही उडाला.

परतताना तिवईने विचारलं, "आज गप्प का रे? काय पाहिलंस एवढं?"

"काही नाही गं," भिंगोजी म्हणाला. "चार खडे होते."