कपाळ धुण्याचे घंगाळ

एकदा एका नगरात एक तरुण न्यायाधीश होता. नगरात नाना पंथांचे लोक राहत. म्हणून न्यायसभेच्या दाराशी पाण्याचे घंगाळ ठेवलेले असे आणि आत जाणाऱ्याने, मग तो राजा का असेना, कपाळावरचे गंध धुऊनच आत जावे असा रिवाज होता. न्यायाधीश तो काटेकोर पाळी. मग आत जाऊन आपल्याच पंथाची आज्ञा नगराचा कायदा म्हणून सांगे. त्याने अशीच एक दवंडी पिटवली, की गर्भ पाडणाऱ्या सुईणीचा उजवा हात तोडला जाईल, कारण काहीही असो.

त्याचे वृद्ध गुरू गावाबाहेरच्या मठात राहत. तेही त्याच पंथाचे आणि असे कडक की वाटेत मुंगी दिसली तरी पाऊल मागे घेत. एका सकाळी न्यायाधीशाच्या कानी आले की गुरूंनी स्वतः सुईणीला बोलावून एका कोष्टिणीचा गर्भ काढवला. त्याचा विश्वासच बसेना. तो तडक मठात गेला.

ओसरीवर म्हाळसा कोष्टिणीचे प्रेत होते. उशाशी तिचा नवरा बसला होता. अंगणात गुरू मुंडन करून, ओल्या वस्त्रानिशी प्रायश्चित्ताला बसले होते. सुईण खांबाला टेकून उभी होती. उजवा हात तिने पदराखाली लपवला होता.

"गर्भ पोटातच नासत होता, सरकार," कोष्टी म्हणाला. "तापानं फणफणली होती. या बाईच्या पाया पडलो. ती म्हणे, हात गेला तर माझी पोरं काय खातील? महाराजांनी बोलावलं तेव्हा आली. पण उशीर झाला होता."

न्यायाधीश गुरूंकडे वळला. त्याचा आवाज चढला होता. "गुरुदेव, हे पाप असेल तर करवलेत कशाला? आणि पाप नसेल तर हे प्रायश्चित्त कशाचे?"

"माझ्या धर्मात पाप आहे, म्हणून मी ते फेडतो आहे. या म्हाळसेच्या धर्मात आईचा जीव आधी. हिने माझ्या धर्मापायी का मरावे?"

"पण न जन्मलेल्याला वाचा नसते. कायदा त्याच्यासाठी बोलला नाही, तर कोण बोलेल?"

गुरू म्हणाले, "प्रश्न खरा आहे. मला उत्तर सापडले, असे मी म्हणणार नाही. गर्भ पाडू नका, हे जन्मभर मी लोकांना हात जोडून सांगत आलो, पुढेही सांगेन. ज्याला पटेल तो ऐकेल. तू मात्र शिपाई पाठवून सांगितलेस. गर्भ वाचला नाही आणि हीही गेली. बाळा, कपाळ तू रोज धुतलेस. गंध कायद्याला लावलेस."

त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. "बोलावले मी. तोडायचा तर हा तोड."

न्यायाधीश गुरूंपुढे खाली बसला. "माझे प्रायश्चित्त सांगा, गुरुदेव."

"ते आपल्या पोथीत नाही. त्याला विचार."

न्यायाधीशाने कोष्ट्यापुढे हात जोडले. कोष्ट्याने त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. तो बायकोच्या अंगावरचे कापड सारखे करीत म्हणाला, "आधी त्या बाईला हात पदराबाहेर काढू द्या, सरकार."